गटचर्चेत बरं झालेलं मूल

एका माणसाने केलेली चूक ही चूक असते. आठ माणसांनी गोल बसून केलेली चूक ही शिफारस असते. आरोग्य खात्यात एकोणीस वर्षं फायली हाताळल्यावर मला हे पूर्णपणे पटलं आहे, आणि ज्या पद्धतीने ते पटवून दिलं तिच्याबद्दल माझ्या मनात अतीव आदर आहे. त्या आदरापोटीच ही हकीकत लिहून ठेवतो. तिच्यात काही ठिकाणी माझंही नाव येईल, पण ते नाइलाजाने.

मी नंदकिशोर आरोलकर, मुख्य लिपिक, उपनगर आरोग्यसेवक प्रशिक्षण केंद्र, बोरीवली पूर्व. (केंद्रात लिपिक एकच आहे. तो मुख्य असणं ओघानेच आलं.) केंद्र म्हणजे दहिसर नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची बैठी इमारत. पुढे दवाखाना, मागे प्रशिक्षणाची खोली आणि मधे व्हरांडा. व्हरांड्यात आमच्या धाकू शिपायाचा स्टोव्ह, किटली आणि एक बाक. आजूबाजूच्या दवाखान्यांतल्या नर्सा, आरोग्यसेविका, कंपाउंडर, मलेरियाचे फवारणीवाले असे सगळे आमच्याकडे शिकायला यायचे आणि शिकून परत जायचे. निदान हजेरीपटावरून तसं दिसायचं.

१९८५ सालापर्यंत आमच्याकडे व्याख्यानाची पद्धत होती. एक निवृत्त डॉक्टर जुन्या वहीतून वाचून दाखवत आणि समोरचे लिहून घेत. सन १९७९ मध्ये त्या वहीतलं कॉलऱ्याचं पान फाटलं. पुढची सहा वर्षं आमच्याकडे कॉलरा शिकवला गेला नाही. (त्यामुळे तो उपनगरात झाला नाही, असं मात्र घडलं नाही.) पण या मागासलेल्या पद्धतीत सगळे एक वाजता मोकळे होत आणि दवाखान्याची खिडकी दीडला परत उघडे.

मग डॉ. चंद्रप्रकाश वालावलकर प्रशिक्षण अधिकारी म्हणून आले. ते नुकतेच परदेशातून तीन महिन्यांचा अभ्यासक्रम करून आले होते, आणि येताना गटचर्चा घेऊन आले होते. माणूस फार चांगला, हे मला आधीच नमूद करायला हवं. नर्सवर आवाज चढवलेला त्यांना कुणी कधी ऐकला नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "आजवर डॉक्टर बोलले आणि सिस्टरांनी ऐकलं. वीस वर्षं वस्त्यांमध्ये हिंडलेल्या बाईला जे ठाऊक असतं ते आम्हाला कुठे ठाऊक असतं? आता तुम्ही बोलायचं, मी ऐकणार." हे ऐकून मागे बसलेल्या दोन नर्सांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी खुर्च्यांची यादी करत होतो.

खुर्च्यांचा प्रश्न गंभीर होता. पद्धतीप्रमाणे आठ जणांनी गोल बसायचं, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. केंद्रात हातांच्या खुर्च्या तीन होत्या आणि बिनहातांच्या अकरा. हातांच्या खुर्चीत कोण बसणार यावर पहिल्या दोन चर्चा झाल्या. शेवटी डॉक्टरांनी तिन्ही खुर्च्या व्हरांड्यात काढायला लावल्या आणि समता प्रस्थापित झाली. (वर्तुळाला डोकं नसतं असं भूमितीत म्हणतात. आमच्या वर्तुळाला होतं. ते पंख्याखाली होतं.)

बाकीचे नियम सोपे होते. कुणाचंही मत चुकीचं नाही. समन्वयकाने, म्हणजे डॉक्टरांनी, उत्तर द्यायचं नाही. ते गटातून यायला हवं. बोलायची पाळी डावीकडून उजवीकडे जाते आणि ती मोडायची नाही. चर्चा चालू असताना कुणी उठायचं नाही. प्रत्येक मत फळ्यावर लिहायचं. हे शेवटचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मला मत विचारायची खात्यात कुणाला सवय नव्हती. फळा टांगायला भिंतीला एकच खिळा होता. त्याच्यावर आधीपासून एक तक्ता होता, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचं पाणी कसं करून द्यावं याचा, चित्रांसकट. मी फळा त्या तक्त्यावरच टांगला.

पहिल्या सहा महिन्यांत आमच्याकडे सत्तेचाळीस चर्चा झाल्या. एकूण मतं एक हजार तीनशे आठ नोंदली गेली. त्यांतली अकराशेच्या वर 'मलाही तसंच वाटतं' अशी होती, पण तीही मी लिहिली.

या सगळ्या यशाला एकच गालबोट लागलं होतं. त्यांचं नाव सिस्टर कार्मेन परेरा.

कार्मेन सिस्टर मूळ गोराईच्या. खाडीपलीकडच्या जुन्या गावठाणातलं त्यांचं घर, तिथे अजून त्यांची आई राहायची. नोकरीला बावीस वर्षं झाली होती, बहुतेक सगळी आमच्याच दवाखान्याच्या दोन नंबरच्या खिडकीवर आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये. त्या गोराईत नवीन उपकेंद्र निघणार होतं आणि तिथे पर्यवेक्षिकेची जागा निर्माण झाली होती. सिस्टरांनी आयुष्यात खात्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. गावात रात्रीबेरात्री बाई अडली की होडी मिळेपर्यंत काय होतं ते त्यांनी लहानपणी घरातच पाहिलं होतं. त्यांची धाकटी मावशी तशीच गेली. जागेसाठी अट एकच होती. गटचर्चेच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र.

फेब्रुवारी १९८६ मध्ये त्या पहिल्यांदा गटात बसल्या. विषय होता, 'जुलाब झालेल्या बालकाला घरी काय द्यावे?' वेळ दोन तास. पाळी सिस्टरांपासून सुरू झाली. त्या म्हणाल्या, "एक पेला उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा साखर, चिमूटभर मीठ. चमच्या-चमच्याने द्यायचं. उलटी केली तर जरा थांबायचं, परत द्यायचं. आईचं दूध बंद करायचं नाय."

यानंतर कुणाला काही बोलण्यासारखं उरलं नाही. घड्याळात एक तास एकोणसाठ मिनिटं शिल्लक होती. ती सगळ्यांनी एकमेकांकडे पाहत काढली.

डॉक्टरांनी नंतर सिस्टरांना बाजूला घेऊन फार समजुतीने सांगितलं, "सिस्टर, तुम्ही चर्चा बंद करता. उत्तर माहीत असलं तरी ते असं एकदम ठेवायचं नसतं. दुसऱ्यांना त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं."

"पण डॉक्टर, आईला कोण पोचू देणार? ती पोर घेऊन उभी असते ना."

"तो प्रत्यक्ष कामाचा भाग झाला. हे प्रशिक्षण आहे."

त्यांना सहभागाचे दहापैकी दोन गुण मिळाले. पास व्हायला पाच लागत. ऑगस्टमध्ये पुन्हा बसा, असं ठरलं. तोवर गोराईची जागा डॉक्टरांनी आपल्या वजनावर रिकामी ठेवली, हेही मी इथे लिहितो, कारण ते खरं आहे.

ऑगस्टच्या त्या मंगळवारी मुख्य कार्यालयातून तीन निरीक्षक येणार होते. पद्धत त्यांना पसंत पडली तर ती सगळ्या उपनगरांत लागू होणार होती. डॉक्टरांनी आठवडाभर तयारी केली. पडदे धुतले. धाकूला नवीन कपबशा दिल्या. विषय काढला, 'अतिसार: प्रतिबंधात समाजाचा सहभाग'. तो समयोचितच होता, कारण आदल्या आठवड्यात नदीचं पाणी काठच्या वस्तीत शिरून ओसरलं होतं आणि वस्तीत जुलाबाचे बरेच रुग्ण निघत होते. त्या रुग्णांसाठीचा सगळा स्टाफ चर्चेत हवा असल्याने दवाखान्याच्या दारावर पाटी लावावी लागली: 'अतिसार प्रशिक्षणामुळे बाह्यरुग्ण विभाग आज बंद राहील.' पाटी मीच लिहिली. अक्षर उत्तम आलं होतं.

साडेदहाला चर्चा सुरू झाली. निरीक्षक हातांच्या खुर्च्यांवर भिंतीला टेकून बसले. (त्या खुर्च्या त्या दिवसापुरत्या आत आणल्या होत्या. निरीक्षक वर्तुळात नसल्यामुळे समतेला बाधा येत नव्हती.) पहिली पाळी सुलक्षणा तेंडोलकर या आरोग्यसेविकेची. पंचविशीची, हुशार मुलगी. बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटे, आणि आपण काय ऐकलं ते नंतर आठवत नसे. निरीक्षकांना ती फार आवडली. कार्मेन सिस्टरांची पाळी सातवी होती. डॉक्टरांनीच मुद्दाम तशी बसवली होती, म्हणजे उत्तर उशिरा आलं तरी चालेल.

सुलक्षणाची पाळी तास होत आला तरी चालूच होती, तेवढ्यात धाकू दारात आला.

"सायबानू, भायर एक बाई इली हा, पोर घेवन. पोराचा काय खरा दिसना नाय."

"धाकू, दवाखाना बंद आहे, पाटी लावलीय ना?" डॉक्टर म्हणाले.

"पाटी आसा. तिका वाचूक येना नाय."

डॉक्टरांनी निरीक्षकांकडे पाहिलं. चर्चा थांबवली तर पद्धत मोडते, आणि बाईला परत पाठवलं तर निरीक्षकांसमोर बरं दिसत नाही. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"त्यांना आत बोलव. तासभर आपण समाजाच्या सहभागावर बोलतोय, आणि समाज बाहेर उभा आहे."

आत आलेल्या बाईचं नाव जानकी. नदीकाठच्या वस्तीतली. नवऱ्याची गिरणी संपात गेली, तेव्हापासून तो चेकनाक्यावर ट्रक खाली करायचा. खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं दीड वर्षाचं मूल. तिच्यासाठी वर्तुळात नववी खुर्ची मांडली.

"बसा ताई," डॉक्टर म्हणाले. "इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. मोकळेपणाने बोला."

"दोन दिवस झाले साहेब, पाण्यासारखं होतंय. उलटी पण. पोटात काय ठरत नाय."

"तुम्हाला काय वाटतं, कशाने झालं असेल?"

"मला काय ठाऊक? म्हणून तर आले."

डॉक्टर गटाकडे वळले. "हे फार महत्त्वाचं आहे. ज्ञान आपल्याकडे नाही, दुसऱ्याकडे आहे, अशी समाजाची समजूत. आरोलकर, घ्या."

मी घेतलं.

सुलक्षणाने विचारलं, "ताई, वस्तीत नळ किती?"

"एक."

"आणि घरं?"

"असतील शंभर-सव्वाशे."

"मग नळ वाढवून का नाही मागितला तुम्ही लोकांनी?"

"मागितला ना. तुमच्याच हाफिसात अर्ज दिलाय."

यावर शांतता पसरली. (शांतताही चर्चेचा भाग असतो, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. मी ती नोंदवली: चार सेकंद. अर्ज माझ्याच टेबलावर होता.)

दुसरी पाळी कंपाउंडरांची. त्यांनी पाणी उकळण्याचं महत्त्व आणि रॉकेलची टंचाई यांचा परस्परसंबंध मांडला. तिसरे, फवारणी निरीक्षक, माशांवर बोलले. ते माशांवर नेहमीच चांगलं बोलत. जानकीला एकूण तेवीस प्रश्न विचारले गेले. शौचास कुठे जाता, हात कशाने धुता, मुलं किती, आणखी हवीत का, आकाशवाणीवर आरोग्याचा कार्यक्रम ऐकता का. ती प्रत्येकाला उत्तर देत होती आणि उत्तर देताना टॉवेलाची कड बाजूला सारून मुलाकडे बघत होती. चौथी पाळी सुरू झाली तेव्हा ती मधेच म्हणाली, "साहेब, पोर डोळे उघडत नाय."

"छान," डॉक्टर म्हणाले.

तो शब्द सवयीने आला. प्रत्येक मतानंतर ते 'छान' म्हणत, म्हणजे बोलणाऱ्याला धीर येतो. या वेळी तो बाहेर पडल्यावर ते स्वतःच दचकले, हे मी समोर उभा असल्यामुळे पाहिलं. त्यांनी खुर्चीच्या कडेला हात टेकला, उठणार असल्यासारखा. पण भिंतीकडून एक निरीक्षक म्हणाले, "फारच जिवंत चर्चा आहे हो," आणि डॉक्टरांचा हात परत मांडीवर गेला.

मी 'डोळे उघडत नाही' असं लिहिलं. ते 'समाजाच्या धारणा' या सदरात लिहावं लागलं, कारण 'लक्षणे' या सदरात जागा उरली नव्हती.

आता माझ्याबद्दल. साखर-मिठाचं पाणी कसं करतात ते मला ठाऊक होतं. फेब्रुवारीत ते मीच माझ्या हाताने लिहून घेतलं होतं. तक्ता माझ्या फळ्यामागे हातभर अंतरावर होता. मूलही तेवढ्याच अंतरावर होतं. खडू खाली ठेवायला कितीसा वेळ लागतो, याचा मी पुढे बऱ्याचदा विचार केला आहे. पण त्या वेळी माझ्या मनात प्रामाणिकपणे एवढंच होतं की या खोलीत एक डॉक्टर आहेत, तीन निरीक्षक आहेत, सात शिकलेली माणसं आहेत. काही करायचं असतं तर त्यांनी केलं असतं. त्यांच्याही मनात हेच होतं, असं मला नंतर एकेकाने सांगितलं.

कार्मेन सिस्टरांनी हात वर केला.

"सिस्टर, तुमची पाळी सातवी," डॉक्टर म्हणाले. "आता चौथी चाललीय."

"मला बोलायचं नाय, डॉक्टर."

त्या उठल्या. वर्तुळ ओलांडून जानकीपाशी गेल्या आणि हात पुढे केले. "दे इकडे."

डॉक्टर एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, निरीक्षक बसलेत. तुमचं गोराईचं..."

"गोराई कुठे जात नाय," सिस्टर म्हणाल्या, आणि मूल घेऊन बाहेर गेल्या. जानकी मागोमाग गेली.

व्हरांड्याचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. मला फळ्यापाशी उभ्याने सगळं दिसत होतं. त्यांनी बाकावर मूल ठेवून पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली, म्हणजे अंगातलं पाणी फार गेलं होतं. मग बोट तोंडात घालून पाहिलं. "चोखतोय," त्या जानकीला म्हणाल्या. "चोखतोय तोवर आपल्या हातात आहे. धाकू, किटलीत नुसतं पाणी आहे काय?"

"चायसाठी उकळून ठेवलंला आसा."

ते दोन भांड्यांत वरखाली करून त्यांनी गार केलं. साखर चहाच्या डब्यातली, मीठ धाकूच्या जेवणातलं. चमचा निरीक्षकांच्या नव्या बशीतला. त्यांनी एक घोट घेऊन पाहिला आणि पेला जानकीच्या पुढे केला. "बघ. रडताना तोंडात येतं तेवढंच खारट पाहिजे. जास्त नाय."

जानकीने घोट घेतला. "ही चव पाठ झालीय मला दोन दिवसांत," ती म्हणाली.

"नाव काय ह्याचं?"

"सीताराम. सासऱ्याचं ठेवलंय."

"एवढंसं पोर आणि नाव सीताराम." त्यांनी मुलाची मान हातावर घेतली. "चला सीतारामशेट, तोंड उघडा."

पहिले चार चमचे उलटून पडले. सिस्टर घड्याळाकडे बघत दहा मिनिटं थांबल्या, मग परत सुरू केलं. आणखी दोन उलटले. जानकी तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळली. सिस्टरांनी तिला खांद्याला धरून फिरवलं आणि चमचा तिच्या हातात दिला. "तू दे. घरी मी नसणार. मोज, आणि सावकाश. घाई करशील तर काढून टाकेल."

त्या दिवशी केंद्रात झालेलं एवढंच अध्यापन. नोंदवहीत त्याच्यासाठी रकाना नसल्याने ते नोंदलं गेलेलं नाही.

आत चर्चा थांबली नव्हती. दोन खुर्च्या रिकाम्या झाल्यामुळे विषयाला नवी दिशा मिळाली: 'सदस्याने गट सोडून जाण्याचे गटावर होणारे परिणाम'. यावर बावन्न मिनिटं बोलणं झालं. फवारणी निरीक्षकांना एकाकी वाटलं. कंपाउंडर म्हणाले, त्यांना अपमान वाटला नाही, पण वाटू शकला असता. सुलक्षणा बोलता बोलता दोनदा दाराकडे बघून थांबली आणि दोन्ही वेळा तिने वाक्य पूर्ण केलं. डॉक्टर 'छान' म्हणायचे बंद झाले होते.

पावणेएकला धाकू परत दारात आला. या वेळी त्याने परवानगी विचारली नाही.

"सायबानू, झील मुतलो."

"काय म्हणतो हा?" निरीक्षकांनी विचारलं.

"बालकाला लघवी झाली," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. अंगात पाणी उरलं नसलं की लघवी होत नाही, आणि ती झाली म्हणजे काय झालं, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं नीट कुणालाच कळत नव्हतं. चष्मा लावून ते म्हणाले, "तर आपण कुठे होतो?"

मूल डोळे उघडून धाकूच्या बिल्ल्याकडे पाहू लागलं होतं. तरी सिस्टरांचं समाधान होईना. उरलेलं पाणी बाटलीत भरून त्या जानकीबरोबर बसने मोठ्या रुग्णालयात गेल्या, मुलाला दाखल करून घेईपर्यंत तिथल्या बाकावरून हलल्या नाहीत, आणि संध्याकाळी पाचला परतल्या. दोन दिवसांनी सीताराम घरी गेला. वस्तीतल्या आणखी नऊ मुलांना पुढच्या आठवड्यात जानकीने तसंच पाणी दिलं. ती नऊही वाचली. (ही आकडेवारी अनधिकृत आहे. जानकीने गटचर्चेचा अभ्यासक्रम केलेला नाही.)

इकडे निरीक्षकांना अहवाल हवा होता. त्याचा मसुदा मी केला. त्यातलं मुख्य वाक्य असं: 'प्रात्यक्षिक गटचर्चेच्या कालावधीत, केंद्राच्या आवारात, अतिसाराने गंभीर झालेल्या एका बालकाच्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा झाली.' यात एकही शब्द खोटा नाही. मी कारकून आहे, खोटं लिहीत नाही. फक्त काय लिहायचं ते निवडतो. मुख्य कार्यालयाने त्यावरून परिपत्रक काढलं. गटचर्चेचा रुग्णावर होणारा परिणाम: शंभर टक्के (एकापैकी एक). सर्व उपनगरांतील केंद्रांनी ही पद्धत तात्काळ अंगीकारावी. डॉ. वालावलकरांना बढती मिळाली. मसुद्यावर सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवला होता. तिसऱ्यांदा ठेवला नाही.

कार्मेन सिस्टरांना सहभागाचे शून्य गुण मिळाले. त्या सातव्या पाळीला जागेवर नव्हत्या, त्यामुळे दुसरं काही देता येत नव्हतं. निकालाचा कागद मीच खिडकी नंबर दोनवर घेऊन गेलो.

"शून्य?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मागल्या टायमाला बोलले म्हणून दोन. आता नाय बोलले म्हणून शून्य." त्यांनी कागदाची घडी घालून औषधांच्या कपाटात ठेवली. "नंदू, तू सगळं लिहून घेतोस. तू मला सांग, पाच कशाचे देतात?"

त्यांनी पुढच्या बाईचा केसपेपर घेतला. थोड्या वेळाने, मी तिथेच उभा आहे हे पाहून, त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "आईला सांगितलेलं मी, की ह्या नाताळाला कायमची येते." बस्स. पुढे त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

गोराईची जागा सुलक्षणाला मिळाली. तिने ती नाकारली नाही, आणि नाकारायला हवी होती असं मला सांगता येणार नाही. पण रुजू झाल्यावर पहिल्याच रविवारी ती खाडी ओलांडून अलीकडे, कार्मेन सिस्टरांच्या बोरीवलीतल्या बिऱ्हाडी गेली आणि विचारलं, "सिस्टर, पहिला चमचा उलटला की नक्की किती वेळ थांबायचं?" सिस्टरांनी तिला जेवायला बसवलं आणि संध्याकाळपर्यंत शिकवलं. आता ती दर रविवारी जाते. मधे एकदा एक अडलेली बाई तिने होडीतच मोकळी केली, असं ऐकतो.

हे सगळं होऊन तीन वर्षं झाली. ती घटना आता अभ्यासक्रमातच आहे. नावं वगळून मी ती एका पानात बसवली, आणि प्रत्येक नव्या गटाला ती वाचायला देऊन प्रश्न विचारतात: 'अशा प्रसंगी आपण काय केले असते?' आजवर एकेचाळीस गटांनी तिच्यावर चर्चा केली. तीनशे अठ्ठावीस माणसं. सगळ्यांची मतं फळ्यावर मीच लिहिली, त्यामुळे आकड्यात चूक नाही. तीनशे अठ्ठावीसच्या तीनशे अठ्ठावीस म्हणाले की आपण ताबडतोब उठलो असतो. काही जण तर हे सांगताना रागाने लाल झाले.

तुम्हीही उठला असता, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्या मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता आम्हालाही स्वतःविषयी नव्हती.